कार्सनचा ब्लिंप-तळ : कुंपणाबाहेरून, एका टायरवालीच्या नजरेने

तिकीट नाही, पार्किंग नाही, आत सोडत नाहीत. बरं, तुम्ही जाल त्या दिवशी ते ब्लिंप, म्हणजे गुडइयर टायर कंपनीचं गॅस भरून उडणारं फुग्यासारखं जहाज, जागेवर असेलच याचीही खात्री नाही. तरी मी पाचपैकी साडेचार तारे देतेय. लॉस एंजेलिसला लेकीसुनांकडे येणाऱ्या आपल्या लोकांना हॉलिवूडची पाटी दाखवतात, डिस्नेत नेऊन दमवतात, समुद्रावर नेऊन थंडीने कुडकुडवतात. त्यात अर्धा तास काढून हे एक दाखवा म्हणावं पोरांना. छदाम लागत नाही.

ठिकाण सांगते. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला कार्सन म्हणून गाव आहे. ४०५ आणि ११० हे दोन फ्रीवे जिथे एकमेकांना छेदतात, त्याच्या बगलेतच, मेन स्ट्रीटवर, गुडइयर टायर कंपनीच्या जाहिरातीच्या हवाई जहाजाचा तळ आहे. १९६८ पासून आहे. कार्सनला स्वतंत्र शहराचा दर्जाही १९६८ मध्येच मिळाला, म्हणजे गाव आणि ब्लिंप एकाच वयाचे. इथल्या कुणालाही विचारा, 'ब्लिंपच्या पुढचं एक्झिट', 'ब्लिंपच्या अलीकडे' असाच पत्ता सांगतात.

आता मी कोण हे सांगायला पाहिजे, नाहीतर म्हणाल ही बाई फुग्याचं एवढं काय घेऊन बसली. वाळूजला नगर रोडवर आमचं टायरचं दुकान. नवीन टायर, रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले), पंक्चर, हवा, सगळं. आमचे हे वसुलीला आणि मालाला बाहेर, आणि गल्ला नि गेज माझ्या हातात. वाळूज एमआयडीसीत गुडइयरचा कारखाना आहे, त्यामुळे कंपनीचा छाप, तो पंख लावलेला पाय, आमच्या रोजच्या बघण्यातला. आमच्याकडच्या ट्रॅक्टरवाल्यांना त्यांचा वज्रा सुपर टायर माहीत असतो. कंपनी अमेरिकेची आहे हे सांगितलं तर 'असंल' म्हणतात आणि भाव कमी करायला लागतात. तर अशा बाईला टॉरन्सच्या लेकीच्या घरून आर्टेशियाला किराणा आणायला जाताना गाडीच्या काचेतून तो पंखवाला पाय एवढा मोठा, जमिनीपासून हातभर वर, गवतावर तरंगताना दिसला. नात मागच्या सीटवरून ओरडली, "आजी, ब्लिंप!" तिला त्याचं अप्रूप नाही, शाळेच्या रस्त्यावर दिसतो तिला. मी मात्र जावयांना म्हटलं, पुढच्या वेळी इथे उतरायचं.

फ्रीवेवरून तो किती दिसतो? गाडी पळत असेल तर पाच-सात सेकंद. पण ४०५ वर गाडी कधी पळते? संध्याकाळी चारनंतर तिथे सगळं मुंगीच्या पावलाने चालतं, त्यामुळे बसणाऱ्याला निवांत दर्शन होतं. चालवणाऱ्याने बघू नये. जावई गाडी चालवताना मान वळवायला लागले की मी मोठ्याने 'तुम्ही समोर बघा' म्हणते. सासूचा एवढा अधिकार अमेरिकेतही चालतो.

नीट बघायचं तर फ्रीवे सोडून मेन स्ट्रीटवर यायचं. तळाभोवती जाळीचं कुंपण आहे. दारावरचा माणूस सभ्य असतो, पण आत नाही म्हणजे नाही. ही काम करायची जागा आहे, पर्यटनस्थळ नाही, हे डोक्यात ठेवून जा म्हणजे चिडचिड होत नाही. गाडी कायदेशीर जागी लावून फुटपाथवरून चालत या, फाटकासमोर उभी करू नका. टोपी घ्या, सावली शोधून सापडत नाही.

आत काय आहे? मोठं गवताचं मैदान, थोडी ऑफिसं, ट्रक, आणि हवा भरून उभा केलेला पांढरा हँगर, म्हणजे जहाज ठेवायची शेड. हो, हँगरसुद्धा हवेचाच. कापडी, फुगवलेला, बारीक आवाज करत उभा असतो. आधी इतकी वर्षं इथली जहाजं बहुतेक उघड्यावरच असायची, नाकाने खांबाला बांधलेली. आताही हवा चांगली असली की बाहेर असतं. आणि बाहेर असलेलं बघण्यातच खरी मजा आहे.

त्याचं असं आहे. जहाजाचं फक्त नाक खांबाला अडकवलेलं असतं. बाकी अंग मोकळं. वारा फिरला की पंच्याहत्तर मीटर लांबीचं ते धूड खांबाभोवती फिरतं, तोंड कायम वाऱ्याकडे. आपल्याकडे मळणीला खळ्यात तिवड्याभोवती बैल फिरायचे, अगदी तसं. फरक एवढाच की इथे बैल हाकायला कोणी नाही, वाराच हाकतो. खालच्या चाकाने गवतात वर्तुळाची फिकट वाट पडलेली होती, ती मी जाळीतून बघून घेतली. आणि बाहेर बांधलेलं असेल तेव्हा रात्रंदिवस कोणीतरी माणूस राखणीला असतोच. वारा बदलला, पाऊस पडून वजन वाढलं, आतला दाब सरकला, काहीही होऊ शकतं. कुलूप लावून घरी जायची सोय नाही.

आम्ही गेलो तेव्हा एक कर्मचारी कुंपणाच्या बाजूने काहीतरी तपासत चालला होता. पन्नाशीचा असेल, निळा शर्ट, उन्हाने रापलेला. जावयांनी हात केला तर थांबला. मी जावयांना म्हटलं, "विचारा त्याला, आत हवा किती ठेवता?" जावई म्हणाले, "आई, हवा नाही, हीलियम असतो." मी म्हटलं, "मला माहितीय काय असतं. दाब किती ते विचारा."

तो हसला. म्हणाला, लोक विचारतात आत कसं बसता येईल, दाब कुणी विचारत नाही. मग सांगितलं: शून्य दशांश शून्य सातच्या आसपास पीएसआय. पीएसआय म्हणजे टायरची हवा मोजतो तेच दाबाचं माप.

आमच्या धंद्यातल्या माणसाने इथे खाली बसावं. आमचं सगळं आयुष्य त्या एका आकड्याभोवती. मारुतीला तीस-बत्तीस. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला नांगरटीच्या वेळी बारा-चौदा. मालाच्या ट्रकला शंभरच्या वर, आणि उसाच्या ट्रॉलीला तर विचारूच नका, तिथे गेज बघायची पद्धतच नाही, लाथ मारून आवाजावर ठरवतात. आणि एवढं मोठं जहाज, आठ हजार चारशे घनमीटरच्या वर हीलियम पोटात घेतलेलं, ते एका पीएसआयच्या दहाव्या हिश्श्यावरही जात नाही. आमच्या गेजवर काटा हललासुद्धा नसता. पोरगा 'मॅडम, ट्यूब बसलीय' म्हणून घेऊन आला असता.

मग मी जरा विचार केला तेव्हा पटलं. टायरमधली हवा वजन पेलते ती दाबाने. इथे दाबाचं काम फक्त कापड ताणून धरायचं, आकार बिघडू द्यायचा नाही, एवढंच. वजन उचलतो तो हीलियमचा हलकेपणा, एका घनमीटरला साधारण एक किलो. म्हणजे सगळा मिळून आठ टनांच्या वर भार. आणि दाब इतका कमी असल्यामुळेच हे फुटत नाही. आमच्याकडे ट्रकच्या चाकाची रिंग उडाली तर माणूस जातो. हवा भरताना पिंजऱ्याशिवाय समोर उभं राहू नको म्हणून मी कितींना शिव्या घातल्यात. इथे भोक पडलं तर फक्त हळूहळू झिरपतं. अमेरिकेत कोणी बंदुकीने गोळी झाडलेली असते आणि ते भोक नंतर तपासणीत सापडतं, असं ब्लिंपच्या बाबतीत झालेलं आहे. याच भागात १९९० मध्ये कोलंबिया नावाच्या ब्लिंपवर एकाने रिमोटवरचं मॉडेल विमान धडकवलं होतं. चांगलं मोठं भोक पडलं, तरी वैमानिकाने सुखरूप उतरवलं. नायलॉन टायरला असं भोक पडू दे बरं.

अजून एक गंमत. वर गेलं की बाहेरचा दाब कमी होतो आणि आतला हीलियम फुगतो. उन्हातही फुगतो. आपले ट्रकवाले उन्हाळ्यात काय करतात? सोलापूर रोडवर दुपारी टायर तापला, दाब वाढला, की व्हॉल्वची पिन दाबून हवा सोडतात. आम्ही कितीही सांगितलं की तापलेल्या टायरची हवा सोडू नको, रात्री गार झाल्यावर तो कमी पडेल, तरी सोडतातच. इथे हा प्रश्न त्यांनी डोक्याने सोडवलाय. मोठ्या पोटाच्या आत हवेच्या वेगळ्या पिशव्या असतात. हीलियम फुगला की त्या पिशव्यांमधली साधी हवा बाहेर सोडायची, जहाज खाली आलं की पुन्हा भरायची. हीलियमला हात लावायचा नाही, तो महाग. माणसाने सांगितलं तेव्हा जावयांना भाषांतर करायची गरज पडली नाही. त्याने दोन हातांनी पिशव्या दाबून दाखवल्या आणि मला कळलं.

कापडाबद्दलही विचारलं. आताचं कापड पॉलिएस्टरच्या विणीवर पॉलियुरेथेन आणि टेडलार असे प्लास्टिकचे थर चिकटवलेलं. आधीच्या ब्लिंपना निओप्रीन रबर चढवलेलं पॉलिएस्टर असायचं. आणि इथेच टायर कंपनी हवाई जहाजांच्या भानगडीत कशी पडली ते कळतं. टायर म्हणजे तरी काय हो? दोऱ्याचं कापड, त्यावर रबर, आत हवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रनमधल्या या कंपनीकडे रबर चढवलेलं कापड बनवायची विद्या होती, आणि फुगे नि हवाई जहाजं बनवायला नेमकं तेच लागत होतं. म्हणून मी म्हणते ही जाहिरात भाड्याची नाही. दुसऱ्या कुणी साबणवाल्याने फुगा उडवला तर तो नुसता फुगा. टायरवाल्याने उडवला तर तो त्याच्या कारागिरीचा नमुना.

आता यात एक खोच आहे, आणि ती सांगितली नाही तर परीक्षण अर्धवट राहील. सध्याचं जहाज अस्सल ब्लिंप नाही. ब्लिंपला हाडं नसतात, गॅस काढला की सगळं जमिनीवर लोळतं. २०१४ पासून कंपनीने जी नवी जहाजं आणली ती जर्मनीच्या झेपेलिन कंपनीची, आतून कार्बन फायबर आणि अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा असलेली. जोडणी अमेरिकेत, ओहायोमधल्या विंगफुट लेकला, पण रचना जर्मन. जुन्या पिढीतलं शेवटचं, स्पिरिट ऑफ इनोव्हेशन, इथेच कार्सनला २०१७ च्या मार्चमध्ये निवृत्त झालं. लोक आणि कंपनी दोघंही नव्यालाही ब्लिंपच म्हणतात. आमच्याकडे रिमोल्डला 'नवा' म्हणून विकणारे आहेत त्या मानाने हे काहीच नाही. पण माझ्या मनात जुन्याला मान जास्त. ते आतबाहेर सगळं घरचं होतं.

नव्याचे फायदे मात्र मान्य करते, कारण मी ते उतरताना बघितलं.

पहिल्यांदा आवाज आला. मला वाटलं होतं तेवढा मोठा नव्हता. फ्रीवेचाच गोंगाट त्याच्यावर चढत होता. मग मैदानाच्या टोकाला ते दिसलं, हजार-बाराशे फुटांवर असेल, इतकं सावकाश की थांबलंय की येतंय कळेना. निळ्या पट्ट्यावर पिवळी अक्षरं. त्याला तीन इंजिनं, दोन बाजूंना आणि एक शेपटीला, आणि त्यांचे पंखे फिरवून वर-खाली तोंड करता येतं. त्यामुळे ते हेलिकॉप्टरसारखं जागच्या जागी खाली बसू शकतं. पूर्वीच्या ब्लिंपला धावत जाऊन दोर पकडणारी माणसं लागायची, दोन्ही बाजूंनी ओढत बसायची, नाक एकाने धरायचं, गोंडोला (माणसं बसतात तो खालचा डबा) दुसऱ्यांनी. आता माणसं कमी लागतात. एकजण पुढे उभा राहून हाताने खुणा करत होता, बाकीचे दोन्ही अंगाला तयारीत. दोराची टोकं खाली लोंबत आली. खालचं चाक गवताला लागलं, थोडं उडालं, परत लागलं.

आणि मग जे बघितलं त्यासाठी मी पुन्हा जाईन. आतली माणसं उतरायची होती आणि दुसरी चढायची होती. दोघं उतरले, दोघं चढले. पुन्हा दोघं उतरले, दोघं चढले. एकदम सगळ्यांना उतरवतच नाहीत! कारण पाच-सहा माणसांचं वजन अचानक कमी झालं तर जहाज उठायला बघेल. हवेपेक्षा ते किंचित जड ठेवलेलं असतं, आणि तो किंचितपणा सांभाळायचा असतो. आमच्या एसटीच्या दारात चढणारे आणि उतरणारे एकमेकांच्या अंगावर पडतात, तेव्हा वजनाचा हिशोब कोणी करत नाही. इथे प्रत्येक माणूस म्हणजे काट्यावरचं माप. उतरलेल्यांत एक म्हातारे जोडपं होतं. बाई खाली आल्या त्या हसतच राहिल्या, हातात पर्स घट्ट धरून, आणि कर्मचाऱ्याला काहीतरी सांगत होत्या. मला त्यांचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

कारण अर्धा तारा मी त्यासाठीच कापलाय. तिकीट काढून बसता येत नाही. पैसे मोजायची तयारी असली तरी नाही. कंपनीने बोलावलेले पाहुणे बसतात, नाहीतर एखाद्या धर्मादाय संस्थेच्या लिलावात फेरी बोली लावून घ्यायची. आत बारा माणसांची जागा, मोठमोठ्या खिडक्या, आणि मागच्या बाजूला शौचालय, तेही खिडकीसकट. हे ऐकल्यावर आमच्या लेकीने सांगितलं की हिला आता परत नेऊ नका, ही कंपनीला पत्र लिहील. लिहीन की! इतकी वर्षं त्यांचा माल विकलाय. डीलर मंडळींच्या सहली बँकॉकला नेण्यापेक्षा इथे एक चक्कर द्यावी. वाळूजचे सगळे टायरवाले रांगेत उभे राहतील, आणि पहिला प्रश्न विचारतील तो, 'याला टायर कुठला बसवलाय?'

जाहिरात म्हणून याचं काय मोल, हे मला विचाराल तर ऐका. आमच्या दुकानावर कंपन्यांच्या पाट्या, बोर्ड, कॅलेंडरं, भिंती रंगवून देणारे, टी-शर्ट, टोप्या, सगळं येऊन गेलं. प्रत्येकावर काहीतरी ओरडून लिहिलेलं असतं. जास्त चालतो, कमी झिजतो, भरवसा, ताकद. पाच वर्षांत बोर्ड गंजतो आणि खालच्या पत्र्याला चहाची टपरी चिकटते. या जहाजावर नुसतं नाव आहे. टायरचं चित्र नाही, भाव नाही, नवी स्कीम नाही. आणि तरी चार-चार लेन पॅक झालेल्या फ्रीवेवर, जिथे प्रत्येक गाडीला चार टायर आहेत आणि प्रत्येक माणूस वैतागून समोरच्याचा बंपर बघतोय, तिथे सगळ्यांची मान एकाच दिशेला वळते. जागा कशी निवडलीय बघा! टायर झिजवणारी माणसं लाखाने जातात रोज, आणि बाजूलाच जहाज उभं. ते उडालं नाही तरी काम चालू. पसाडीनाच्या रोझ परेडवर किंवा मोठ्या मॅचवर ते घिरट्या घालतं, टीव्हीवाल्यांना वरून चित्रं देतं, तेव्हा तर दुहेरी वसुली. कॅमेरा त्याचा, नाव त्याचं.

शेजार तर असा आहे की कुणी मुद्दाम ठरवून केल्यासारखा वाटावा. त्याच रस्त्यावर थोडं पुढे पोर्शचं ट्रॅक असलेलं केंद्र आहे, २०१६ पासून. तिथे लोक पैसे भरून गाड्या वळणांवर पळवतात. वारा तसा असेल तर टायर घासल्याचा चर्र आवाज येतो. एका बाजूला टायरवाल्याचं जहाज निवांत डोलतंय, दुसऱ्या बाजूला टायर जळतायत. मी त्या आवाजावरून रबर किती गेलं असेल ते जावयांना सांगायला लागले तर ते म्हणाले, "आई, इथे तरी हिशोब नको."

नातीसाठी थोडा इतिहास वाचला, तोही इथे टाकते, कारण मुलं विचारतात. याला आग लागते का? नाही. १९३७ मध्ये न्यू जर्सीत लेकहर्स्टला जे जर्मन हिंडेनबर्ग जळालं त्यात हायड्रोजन होता. हीलियम पेटत नाही. गुडइयरने १९२५ मध्येच पिलग्रिम नावाचं छोटं जहाज हीलियमवर उडवलं होतं. दुसरा प्रश्न, कंपनीला नाव कोणाचं? चार्ल्स गुडइयरचं, ज्याने रबर आणि गंधक तापवून रबर टिकाऊ करायची रीत, म्हणजे व्हल्कनायझिंग, शोधलं. पण त्याचा या कंपनीशी काही संबंध नव्हता. तो १८६० मध्ये कर्जात बुडालेला असतानाच वारला आणि कंपनी निघाली १८९८ मध्ये. रिमोल्डच्या भट्टीवर आम्ही पोट भरलं ते त्याच्या शोधावर, आणि त्याला त्यातलं काही मिळालं नाही. नातीला हे फार वाईट वाटलं, मग तिने विचारलं की ब्लिंपला हॉर्न असतो का. तेवढं मला माहीत नव्हतं, त्यामुळे जावयांना विचारायला पाठवलं. तोवर तो माणूस निघून गेला होता.

आता जायचं असेल त्यांच्यासाठी कामाच्या गोष्टी.

निघायच्या आधी जहाज घरी आहे का ते बघून घ्या. मोठ्या स्पर्धा, मॅच असल्या की ते फिरतीवर जातं, आणि मागे ट्रक, बस, माणसं असा सगळा लवाजमा रस्त्याने जातो. मग कुंपणामागे रिकामं गवत बघून परत यावं लागतं. आमच्या शेजारच्या पटेलबेन तशाच गेल्या होत्या आणि आता मला म्हणतात तुम्ही गप्पा मारता. मे-जूनमध्ये सकाळी इथे समुद्रावरून ढग येऊन बसतात, आभाळ दुपारपर्यंत राखाडी. तेव्हा सकाळची घाई करू नका. इतर दिवसांत सकाळ चांगली, वारा कमी असतो म्हणून हालचाल बघायला मिळण्याची शक्यता जास्त. पूर्वीच्या ब्लिंपच्या कुशीवर रात्री उडताना दिव्यांची अक्षरं पळायची.

शौचालयाची सोय आसपास स्वतः बघावी लागते. आम्ही एका पेट्रोल पंपावर गेलो, तिथे काही घेतल्याशिवाय किल्ली देत नाहीत असं कळलं, म्हणून दीड डॉलरचं पाणी विकत घेतलं. त्या दीड डॉलरचे रुपये मी करून बघितले आणि पाणी पुरवून पुरवून प्यायले. गुडघे दुखणाऱ्यांनी घडीची खुर्ची न्यावी. दुर्बीण असेल तर उत्तम, गोंडोलाच्या खिडकीतली माणसं दिसतात. मोबाइलने जाळीतून फोटो काढताना लेन्स जाळीच्या भोकाला चिकटवा, नाहीतर सगळ्या फोटोत चौकटी येतात. आणि ड्रोन अजिबात उडवू नका, कोणाचं पोरगं कितीही हुशार असलं तरी. विमान धडकवणाऱ्याची गोष्ट वर सांगितलीच आहे.

मोठ्या मुलांना घेऊन जात असाल तर २०२८ च्या ऑलिंपिकचे काही सामने कार्सनमध्येच होणार आहेत, तेव्हा या रस्त्यांवर काय गर्दी होईल ते बघा आणि त्याआधीच जाऊन या.

तिथून आर्टेशियाचा पायोनिअर बुलेव्हार्ड ९१ ने फार लांब नाही. भाजी, कोथिंबीर, हिंग, ज्वारीचं पीठ, सगळं तिथेच भरा. मात्र शुक्रवारी दुपारी तीननंतर ९१ वर जाऊ नका. शनिवारी सकाळी दहाच्या आत ब्लिंप आटपा आणि साडेअकराच्या आत दुकानात शिरा, म्हणजे पार्किंग मिळतं आणि गरम वडे संपलेले नसतात.